अध्यात ना मध्यात

मानहाइमच्या जुन्या भागात रस्त्यांना नावं नसतात.
चौकोनांना असतात, एक अक्षर, एक आकडा,
आणि रस्ते सगळे नाकासमोर चालणारे.
मी गरम डब्यांची गाडी ढकलते, अकरा ते एक.
शेवटची चार घरं चार म्हाताऱ्यांची.
पूर्वी दर गुरुवारी पत्ते खेळायची चौघं.
मग एका हुकमाच्या राणीवरून बिनसलं.
त्याला नऊ वर्षं झाली.

इर्मट्राउट गणित शिकवायची. म्हणते, "सूप निवू दे, बस, सेवगी."
आठवड्याच्या जेवणाचा कागद उलटा करते.
"बहिर्वक्र म्हणजे काय,
आतल्या कुठल्याही दोघांत दोरी ताणली
तर ती आतच राहते.
बटाटा तसा असतो. केळं नसतं."

"पण हे फारच मागणं झालं.
या गावात तिरकी दोरी ताणणार कोण, मध्ये भिंती.
म्हणून दोनच दिशा धरायच्या:
राजवाड्याकडून नेकार नदीकडे, आणि तिला आडवी.
एकाच रस्त्यावर दोघं असतील
तर त्यांच्यातली वाट सगळी आपली हवी.
तिरक्यांना माफी.
मग जिना चालतो. तुमच्या बेकरीमागचं
काटकोनात वळलेलं अंगणसुद्धा चालतं.
घोड्याचा नाल मात्र नाही.
दोन टोकं समोरासमोर, आणि मध्ये हवा."

मग ती चार ठिपके काढते.
ती स्वतः. लोटार. द्रागित्सा. ओटोकार.
मी बघते: कुठलेही दोघं एका रस्त्यावर नाहीत,
ना उभ्या, ना आडव्या.
"म्हणजे आम्हाला कसलीच अट लागू नाही," ती हसते.
"चार सुटे ठिपके, आणि तरी नियमाने पूर्ण.
भरायला काही उरलेलंच नाही.
कुणाच्या अध्यात ना मध्यात."

सूपावर साय धरते.

"आता हे बघ."
प्रत्येक ठिपक्यातून ती एकेक रेघ सोडते,
भिरभिऱ्याच्या पात्यासारखी,
आणि मधोमध एक चौकोन उमटतो
जो कुणीच काढलेला नाही.
त्याचा प्रत्येक कोपरा
एका घराच्या आणि पुढच्या कोपऱ्याच्या बरोबर मध्ये.
दोन चौकोन चाललं की आपला कोपरा,
आणखी दोन चाललं की पुढच्याचा.

"समज, घरात आता राग नाही. शून्य.
खरंच नाही, मी रोज तपासते.
आणि सरळ रस्त्यावर राग
मधल्या जागी दोन टोकांच्या सरासरीहून चढत नाही.
तर माझ्या कोपऱ्यावर तो लोटारच्या कोपऱ्याच्या निम्मा.
लोटारच्या, द्रागित्साच्या निम्मा.
तिच्या, ओटोकारच्या.
त्याच्या, परत माझ्या.
फेरी पुरी झाली की माझा राग
माझ्याच रागाच्या सोळाव्या हिश्श्याहून मोठा नसतो.
असा राग किती असेल?"
"नसेलच," मी म्हणते.
"नसेलच," ती म्हणते, आणि चमचा उचलते.

"मग जा ना."
"कशी जाऊ? माझा कोपरा तेव्हाच माझा
जेव्हा लोटार त्याच्या कोपऱ्यावर उभा असेल.
तो द्रागित्साची वाट बघणार.
ती ओटोकारची.
ओटोकार माझी.
एकजण दिसला असता तर सगळा चौकोन भरला असता.
गणित पहिलं कोण ते सांगत नाही."

मी कागद घडी करून एप्रनच्या खिशात घातला.
लोटारला दिला नाही. त्याने विचारलं,
"उद्या मटार आहेत का?" मी म्हटलं, आहेत.
द्रागित्सा दार पूर्ण उघडत नाही, साखळीतून डबा घेते.

गुरुवारी परतताना गाडी रिकामी, चाकं वाजणारी.
त्या कोपऱ्यावर, चष्म्याच्या दुकानापाशी,
ओटोकार उभा होता, हातात काठी, बाहेरचे बूट.
"औषध आणायला निघालोय," तो म्हणाला.
औषधाचं दुकान उलट्या बाजूला आहे.
तो नाकासमोर बघत होता,
रस्ताभर, जिथे अजून कुणी नव्हतं.
मी गाडीचा ब्रेक लावला
आणि उगाच एक डबा पुसत राहिले.